दारावर न रडलेली सून

सासरे, नाना, गेले आणि पुनम रडली नाही. तेवढं गावानं एकवेळ पोटात घातलं असतं. पण धुळ्याजवळच्या त्या गावात ‘दारावर’, म्हणजे दुःखाला, आलेली प्रत्येक बाई घरच्या सुनेच्या गळ्यात पडून हंबरडा फोडते, आणि सुनेनंही तिच्या गळ्यात पडून रडायचं असतं. अशीच एक बाई येऊन बिलगली तशी पुनम किंचाळली, तिला ढकललं आणि मागच्या खोलीत जाऊन स्वतःचाच हात चावत बसली. झालं! गावाला विषय मिळाला.

सासूनं, कुंदाबाईंनी, तिला माहेरी धाडलं. नवरा भूपेंद्र भला माणूस, पण आईपुढे तोंड उघडायचं तर त्याच्या जिवावर यायचं. त्यात पूर्वी एका डॉक्टरानं पुनमला घाईघाईत ‘व्यक्तिमत्त्व विकार’ सांगून टाकलेला. कुंदाबाईंनी त्याचा सोयीनं अर्थ लावला, स्वभावच वाईट. वाईट याचं वाटतं, की पुनमलाही ते पटू लागलं होतं. तिला तिचं घर हवं होतं. ‘बोलावणं येईल ना?’ एवढंच ती वडिलांना विचारत राही.

वडील अभिमन आबा तिला धुळ्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. काही भेटींनंतर बाईंनी सासरच्यांनाही बोलावलं. कुंदाबाई आल्या, पण तोंड फुगवूनच.

“लहानपणी कशी होती ही?” बाईंनी आबांना विचारलं.

“वरातना बँड वाजना का दाणास्नी कनगीमा लपे,” आबा हसले. “कोनी कडवर लिधं का आंग चोरे. आम्हले वाटे, पोर लाजरी शे.”

“हा ऑटिझम,” बाई म्हणाल्या. “जन्मापासूनची घडण आहे तिची. आवाज, स्पर्श तिला आपल्यापेक्षा फार झोंबतात. मनातली धास्ती आणि उडालेली झोप हे सोबतचे त्रास, त्यांवर उपचार होतील. काहींना ऑटिझमबरोबर व्यक्तिमत्त्व विकारही असतो, म्हणून तेही नीट तपासलं. हिला तो नाही. वरवर सारखं दिसतं, तिथं गफलत झाली.”

“मंग घरधनी गयात तवय ही रडनी काब्र नही?” कुंदाबाईंनी विचारलंच.

पुनम जमिनीकडे बघत बोलली. “नानास्ना चहाना पेला मी रोज घासी त्यास्ना जागावर ठेवू.”

कुंदाबाईंना लख्ख आठवलं. नाना गेल्यावरही, पुनम माहेरी जाईपर्यंत, त्यांच्या खुर्चीशेजारी रोज सकाळी सापडणारा तो पेला सून वेंधळेपणानं विसरते, असं समजून त्या चडफडत उचलून ठेवायच्या. आता त्यांना रडू आवरेना.

“चाल, घर चाल,” त्या उठल्या. सवयीनं दोन्ही हात पुढे झाले आणि मध्येच थांबले. “हात लावू का व माय?”

“आते लगेच नको,” पुनम म्हणाली, आणि सासूची पिशवी उचलून दाराकडे निघाली.