बंद की मंद

गोंदियाच्या बाजारात एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवर डिझाईन शिकवणारा क्लास निघाला, तेव्हा मी बारावी होऊन घरीच बसले होते. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. क्लासच्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: ज्यांना ऐकू येत नाही, चालता येत नाही, त्यांनीही यावं, सगळ्यांना एकाच वर्गात शिकवलं जाईल. फी नव्हती. खर्च बाहेरगावची कुठलीशी संस्था करणार होती.

मला सातव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि जाताना तो माझे दोन्ही कान घेऊन गेला. त्याआधी बोलायला आलं होतं, ते राहिलं. तेव्हापासून मी समोरच्याचे ओठ बघून त्याचं बोलणं समजून घेते. घरात ओठ झाडीबोलीत हलतात, बाजारात गेलं की हिंदीत, आणि शाळेतल्या बाईंचे पुस्तकातल्या मराठीत. तिन्हीकडे थोडं पदरात पडतं, बाकीचं अंदाजाने भरून काढायचं. अंदाज करणारा माणूस संशयी होतोच. चार जण हसले की मी पहिल्यांदा माझी ओढणी तपासायची.

पाटीची बातमी घरी आली तेव्हा संशय मात्र बाबांना आधी आला. गोंदियाला लागूनच असलेल्या आमच्या कुडव्याच्या नाक्यावर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. हातातलं ग्रीस पुसत ते म्हणाले, "फुकट कायले शिकवून राह्यला तो? काहीतरी भानगड असन."

आई म्हणाली, "जाऊन तं पाहू दे पोरीले. नाही पटलं तं येईन वापस."

मी बाबांच्या बाजूची होते, पण घरी बसूनही कंटाळले होते. म्हणून गेले.

शिकवणारे सर तिशीचे होते. त्यांना झुबकेदार मिशी होती आणि ती वरच्या ओठावर पूर्ण उतरलेली होती. पहिला आठवडा मला त्यांचं एकही वाक्य समजलं नाही. मी मान हलवत राहिले. शेजारच्या कॉम्प्युटरवर शहरातली एक मुलगी बसायची, कॉमर्स कॉलेजची. तिने माझी मान हलताना आणि माझा पडदा कोराच राहिलेला पाहिला. ती एका कागदावर सरांचं बोलणं लिहून माझ्याकडे सरकवायला लागली. मी कागद घ्यायची आणि मनात म्हणायची, हिला यातून काय मिळतं?

मग एका सोमवारी सर वर्गात आले आणि मी त्यांना ओळखलंच नाही. मिशी पूर्ण काढलेली. खालच्या कापड दुकानाचा मालक त्यांच्या मागोमाग जिना चढून आला, चेहरा गंभीर. आमच्याकडे मिशी उतरवतात ती बाप गेल्यावर. त्याने सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "पिताजी?" एवढा एकच शब्द मला त्याच्या ओठांवर दिसला.

"नाही नाही, बाबा ठीक आहेत," सर म्हणाले. वर्गात हशा पिकला. आणि मला पहिल्यांदा सरांचं अख्खं वाक्य वाचता आलं.

मी मात्र हसले नाही. मिशीबद्दल मी कोणाला काही बोलले नव्हते. मग सांगितलं कोणी? मी शेजारणीकडे वळले. ती माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली, "मैंने बताया. गुस्सा मत हो."

"काऊन? तुले काय पडलं होतं?"

ती जरा विचारात पडली. "सच बोलूँ? सर तेरे लिए धीरे पढ़ाते हैं, सामने देखकर बोलते हैं, सब बोर्ड पे लिखते हैं. तो मेरे को भी समझ में आता है."

मला एकदम हायसं वाटलं. तिचा मतलब होता, आणि तो मला समजला होता. त्या दिवसापासून आमची मैत्री झाली.

सरांचा मतलब मात्र समजत नव्हता. ते फळ्याकडे तोंड करून कधी बोलत नसत. आधी लिहायचे, मग वळायचे, मग बोलायचे. कोणी मागून प्रश्न विचारला की तो फळ्यावर लिहूनच उत्तर द्यायचे, म्हणजे मला प्रश्नही कळायचा. एक मुलगा तीनचाकी सायकलवर यायचा. त्याला जिना चढता येत नव्हता, म्हणून आठवड्यातले दोन दिवस खालच्या दुकानाच्या ओसरीत कॉम्प्युटर उतरवून सगळा वर्गच खाली भरायचा. कापडाचे तागे बघायला आलेली गिऱ्हाईकं आमच्याकडे बघत उभी राहायची. एवढा खटाटोप एखादा माणूस उगीच कशाला करील?

शिकणं मात्र मला आवडायला लागलं होतं. ओठांवर प, ब आणि म अगदी सारखे दिसतात. पान, बाण आणि मान यांतलं काय म्हटलं ते मागच्यापुढच्या शब्दांवरून ओळखावं लागतं. पडद्यावर तसं नव्हतं. तिथे प हा प होता आणि म हा म. मी अक्षरं मोठी करून बघत बसायची. म ची गाठ कुठे वळते, ब चं पोट किती फुगतं, शिरोरेषा दोन अक्षरांच्या मध्ये कुठे तुटते. तुटली की मला ते लगेच टोचायचं. सर म्हणायचे, "तुझी नजर वाईट आहे. कोणाला माफ करत नाही." ते कौतुक आहे की टोमणा, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

काही महिन्यांनी संस्थेचे दोघे जण आले. त्यांनी खाली ओसरीत भरलेल्या वर्गाचे फोटो काढले. फोटोवाल्याने मला आणि तीनचाकीवाल्या मुलाला पुढे ओढलं, बाकीच्यांना मागे ढकललं. बाबांचा शब्द आठवला: भानगड. मग सर त्या दोघांना घेऊन कापड दुकानातल्या काचेच्या केबिनमध्ये गेले. काचेमुळे बाकीच्यांना काही ऐकू येत नव्हतं. मला मात्र दिसत होतं. सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही मुलगी," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा क्षणभर वळला. परत समोर आला तेव्हा ओठांवर शब्द होता: मंद.

दुसऱ्या दिवसापासून मी क्लासला जाणं सोडलं. घरी कारण सांगितलं नाही. बाबांनी एकदाच विचारलं, "काऊन जात नाहीस वो?" मी म्हटलं, "तुमचं खरं होतं." त्यांनी पुढे विचारलं नाही. बाबांना आपलं खरं निघणं नेहमीच पुरेसं असायचं.

चार-पाच दिवसांनी सर आपल्या लुनावरून कुडव्याला आले. अंगणात बाबांनी त्यांना खाट दिली, पाणी दिलं आणि समोर उभे राहिले. बसले नाहीत.

सर माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "काय झालं?"

"तुम्ही त्या लोकांना मला मंद म्हणालात."

बाबांनी सरांकडे बघितलं. सरांचा चेहरा कोरा होता. मग हळूहळू त्यांना आठवलं. "मंद? अगं, बंद! ते क्लास बंद करायचं म्हणत होते. मी म्हणालो, ही मुलगी आत्ता कुठे शिकायला लागलीय आणि तुम्ही बंद म्हणता?"

मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. बंद. मंद. त्यांनी दोन्ही शब्द पुन्हा म्हणून दाखवले आणि विचारलं, "सांग, आधी कुठला म्हटला?" मला सांगता आलं नाही. कोणालाच आलं नसतं. पण त्यामुळे त्यांचं म्हणणं खरं ठरत नव्हतं. त्या दिवशी ते काय बोलले याला त्यांच्या आजच्या बोलण्याशिवाय दुसरा पुरावा नव्हता.

बाबा म्हणाले, "मास्तर, क्लास खरंच बंद होऊन राह्यला का?"

"आता नाही. वर्षअखेरपर्यंत चालवू देतील. पुढचं माहीत नाही."

"मंग पाहू," बाबा म्हणाले. तेवढंच.

मी परत गेले. विश्वास बसला म्हणून नाही. कोरल हे डिझाईनचं सॉफ्टवेअर अर्धवट शिकून सोडणं मला परवडणारं नव्हतं. पण त्यानंतरचे महिने विचित्र गेले. माझ्या हिशेबाने क्लास बंद पडला, तर सर खरं बोलले होते. चालू राहिला, तर ते मला मंदच म्हणाले होते. रोज जिना चढताना मी दार उघडं आहे का बघायची, आणि ते उघडं दिसलं की बरंही वाटायचं आणि संशयही वाढायचा.

वर्ष संपलं आणि क्लास बंद पडला. कॉम्प्युटर खोक्यांत गेले. खोकी बांधणाऱ्या सरांकडे बघत मी दारात उभी राहिले आणि त्या क्षणी त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास बसला. त्याचा आता काही उपयोग नव्हता. आधी संशय घेतल्याचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही; जे दिसलं त्यावरून दुसरं काही समजणं शक्य नव्हतं. पण वर्ग गेल्याचं फार वाईट वाटलं.

मी विचारलं, "सर, तुम्ही हे सगळं कायले केलं?"

ते सुतळी सोडून सरळ उभे राहिले, चेहरा माझ्याकडे. "ऐकणाऱ्याला कोणीही शिकवतं. मला शिकवता येतं का, ते बघायचं होतं." मग म्हणाले, "येतं, असं वाटतं." आणि पुन्हा खोक्याकडे वळले. त्यांनीच मला बाजारातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला लावून दिलं आणि ते नागपूरला निघून गेले.

फ्लेक्सच्या दुकानाचा सेठ गोड बोलायचा. "बेटा, यहाँ भीड़ रहती है, तुम पीछे आराम से बैठो." प्लायवूडच्या पार्टिशनमागे माझं टेबल होतं. कागद द्यायला-घ्यायला पार्टिशनला एक खिडकी होती. वाढदिवसाच्या शुभेच्छा, शाळांचे प्रवेश, लग्नपत्रिका, मृत्यूनंतरच्या तेरवीची कार्डं, सगळा मजकूर त्या खिडकीतून यायचा आणि छापायला तयार होऊन परत जायचा. काम वाढत गेलं. पण गिऱ्हाईक मला कधी भेटत नव्हतं. सेठला माझ्या आरामाची इतकी काळजी का, हा किडा डोक्यातून जाईना.

एकदा अर्जुनी मोरगावची एक बाई शिवणक्लासची पाटी करायला आली. आमच्याच दुकानात आधी करून घेतलेल्या पत्रकावर खूश होती. खिडकीतून मला सेठचा चेहरा बाजूने दिसत होता. बाजूने ओठ वाचणं कठीण, पण तो सावकाश बोलत होता: "हमारा भांजा बनाता है. नागपुर से सीख के आया है."

भाचा प्रिंटिंग मशीनवर बसायचा. त्याला माऊस धरता येत नव्हता. मी उठून बाहेर आले. माझा आवाज नाकातून, एकाच सुरात येतो म्हणतात. अनोळखी लोकांसमोर मी तो शक्यतो काढत नसे. त्या दिवशी काढला.

"ताई, पत्रक मी केलं होतं. मला ऐकू येत नाही. माझ्याकडे बघून बोला, मला समजतं."

सेठचा चेहरा पडला. बाई त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिने वाद केला नाही, दयाही दाखवली नाही. विचारलं, "मग सांगा, हा लाल रंग थोडा कमी होईल का? फार भडकून राह्यला."

ती गेल्यावर सेठ म्हणाला, "कस्टमर टूट जाएगा तो?"

"तुटला तर भाच्याला बसवा कॉम्प्युटरवर."

दुसऱ्या दिवशी माझं टेबल पुढे आलं. काही गिऱ्हाईकं खरंच शेजारच्या दुकानात गेली. काही जण माझ्या कानाशी येऊन ओरडायचे. पण बहुतेक जण थांबले, कारण माझ्या हातून चूक जात नसे. मी कोणाच्या बोलण्यावर विश्वासच ठेवायची नाही. तेरवीचं कार्ड आलं की विचारायची, "मामा की बाबा?" दोन्ही ओठांवर एकच दिसतात. लोक चिडायचे: "बाई, सांगितलं ना आत्ता!" मी म्हणायची, "लिहून द्या." मग पडदा त्यांच्याकडे वळवून प्रत्येक ओळीखाली बोट फिरवायला लावायची. फॉन्ट बदलला की जोडाक्षरं फुटतात, म्हणून संगणकाच्या बोलण्यावरही विश्वास नव्हता. छापून आलेला कागद खिडकीच्या उजेडात धरून वाचायची. लोकांना जो स्वभाव डोकेदुखी वाटायचा, तो या कामात उपयोगी पडला.

पुढे मी कुडव्यातच स्वतःचं काम सुरू केलं. पाट्यांवरून लेबलं, लेबलांवरून पाकिटं, पिशव्या. तोवर लोकांच्या हातात मोठे मोबाईल आले आणि माझ्यासाठी एक नवलच घडलं: जो तो बोलण्याऐवजी लिहायला लागला. तिरोडा, आमगाव, देवरी, कुठूनही मजकूर लिहूनच यायचा. मला ऐकू येत नाही, हे अनेकांना माहीतही नव्हतं, आणि मीही सांगायला गेले नाही.

देवरीचा एक मधविक्या वर्षभर माझ्याकडून अशीच लेबलं करून घेत होता. एक दिवस तो अचानक दारात आला आणि खूप भराभर बोलू लागला.

मी म्हटलं, "सावकाश बोला. मला ऐकू येत नाही."

तो थांबला. त्याने खोलीत सगळीकडे नजर फिरवली, आतल्या दाराकडेही बघितलं. "मग वर्षभर माझ्याशी कोण बोलत होतं?"

"मीच."

"कशावरून?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा भाव मला चांगला ओळखीचा होता. मी खुर्ची पुढे केली, त्याची फाईल उघडली, मधमाशी थोडी मोठी केली, बाटलीच्या वळणावर बसेल अशी अक्षरं वाकवली. तो बघत होता, पण अजून पटलं नव्हतं. मग त्याने खिशातून मोबाईल काढला, माझ्याकडे पाठ केली आणि काहीतरी टाईप केलं.

माझ्या टेबलावरचा मोबाईल थरथरला. त्यात लिहिलं होतं: झाकणाचा रंग कोणता ठरला होता?

मी उत्तर लिहिलं: हिरवा. पण तुम्हाला पिवळा हवा होता, मी ऐकलं नाही.

त्याने ते वाचलं. मग तो वळला आणि मनमोकळं हसला. हसताना त्याच्या ओठांवर एकच शब्द होता.

"तुम्हीच."