बोर्डाची सावली आणि चरावरच्या फळ्या

आमच्या कामात निधी कधी वेळेवर येत नाही, किस्से मात्र रोज येतात! संध्याकाळी शाहूपुरीतल्या घरी पोचेपर्यंत एक जुना झालेला असतो आणि दुसरा फोनवर वाजत असतो. मी मलकापूरकडच्या गावांत कंत्राटी इंजिनिअर. सरकारी पैशातून गायरानाच्या उघड्या माळावर चर खणायचे, झाडं लावायची आणि मजुरी गावातल्याच माणसांना द्यायची, अशी योजना. ती कधी बंद पडेल याचा नेम नाही, त्यामुळे फोन वाजला की नंबर वरच्या ऑफिसचा तर नाही ना, ते मी आधी बघतो.

*

हजेरी मोबाइलवर, फोटोसकट. आणि माळावर रेंज फक्त एका खडकावर! रोज सकाळी सगळ्या बायका त्या खडकाला चिकटून उभ्या राहायच्या. त्यांच्या गँगची प्रमुख शांताक्का. एक दिवस पदर सारखा करत ती म्हणाली,

"माझ्या लग्नातबी एवढं फोटू काढलं न्हाईत की वो!"

*

रोपं आली, पण पाऊस संपल्यावर. मी वरच्या ऑफिसला फोन लावला.

"सर, पाण्याचं काय?"

"ते बजेटच्या पुढच्या हेडमध्ये आहे."

"मंजूर कधी होईल?"

"ते बघू. तोवर रोपं जगवा!"

हे शांताक्काला सांगायला माझी जीभ रेटेना. तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बाई कळशी घेऊन माळ चढायला लागली. मला अक्षरशः लाज वाटली.

*

योजनेचा बोर्ड मात्र रोपांच्याही आधी आला होता. भला मोठा! माळावर दुसरा आडोसा नाही, म्हणून दुपारची भाकरी त्याच्याच खाली. एकदा वरच्या ऑफिसातल्या साहेबांनी फोनवर विचारलं, "काय, सावली पडायला लागली का?"

माझा स्पीकर चालू होता. मागून शांताक्का ओरडली,

"पडतीया की! बोर्डाची!"

*

या कामाच्या भरवशावर शांताक्काचा मुलगा मुंबईहून परत आला होता. पण त्याची प्रवासाची पिशवी भरलेलीच, खुंटीला टांगलेली. चहाला गेलो तेव्हा मी सहज म्हणालो, "अक्का, रिकामी करा की ती आता."

"काम फुडं चालू ऱ्हातंय, असं लिहून देतासा?"

मी चहा संपवून उठलो.

*

मग तपासणी आली. रोपं जगलेली दिसली तरच पुढच्या वर्षी काम, नाहीतर बंद! मला आठवडाभर धड झोप नव्हती.

साहेबांची जीप चढावर अडकली. गावातले आण्णा म्हणाले, "बसा मागं!" आणि साहेबांना बुलेटवर घेऊन सुटले. साहेबांचा बेत गाडीवरूनच एक नजर टाकून परतायचा.

आण्णांच्या एक गोष्ट लक्षातच राहिली नाही. दिवाळीच्या पाडव्याला ते आपल्या म्हशी याच बुलेटमागं पळवतात! आवाज ऐकला आणि चरणाऱ्या सगळ्या म्हशी शेपट्या वर करून मागं धावल्या, सरळ रोपांकडं!

गुरं आत शिरू नयेत म्हणून बायकांनी कडेनं खोल चर खणला होता आणि तो ओलांडायला वाटेवर जाड फळ्या टाकल्या होत्या. बुलेट फळ्यांवरून आत गेली. त्याच क्षणी शांताक्कानं बायकांना हाक मारून फळ्या ओढून घेतल्या! म्हशी चराच्या काठाशी येऊन थांबल्या.

आतून साहेब ओरडले, "अहो, आता मी परत कसा येऊ?"

शांताक्का म्हणाली, "आधी झाडं बघा, साहेब! सगळी! मग टाकतो फळ्या."

साहेब मुकाट्यानं गाडीवरून उतरले आणि एकेक रोप बघत फिरले. जाताना जगलेल्या रोपांचा आकडा वहीत लिहून नेला, पुढच्या वर्षाचा निर्णय मात्र सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी शांताक्का माळावर आली ती मुलाची पिशवी खांद्याला लावून.

"अक्का, पोरगं निघालं?"

"छ्या! काल म्हशींनी चराकडंला किती शेण टाकलंय बघितलासा? झाडास्नी घालाय भरून न्यायचं हाय."

आणि तिनं रिकामी पिशवी खडकावर उलटी करून झटकली.