चौथ्या घंटेची जागा

आमच्या गावातल्या चर्चच्या मनोऱ्यात जॅकडॉ नावाचे लहान कावळे राहतात. दर वसंतात ते वरच्या फटीतून काटक्या आत टाकत बसतात. दहातली एखादी घरट्याच्या कामी येते, बाकीच्या खाली पडतात. उन्हाळा संपेपर्यंत चार-पाच पोती भरतात. मनोऱ्यात घंटा वाजवणाऱ्यांचे किस्सेही असेच. कोणी मुद्दाम जमवत नाही. एका गावात वीस वर्षं राहिलं की ते आपोआप साचतात. परवा घरातलं सामान खोक्यांत भरता भरता वाटलं, या काटक्याही एकदा खाली काढाव्यात.

गावाचं नाव नेदर फिंचकोट. बेसिंगस्टोकहून गाडीने वीस मिनिटं. एक पब, एक हॉल, एक चर्च, दुकान नाही. सकाळी ओढ्यावर इतकं धुकं असतं की चर्च पाण्यावर तरंगतंय असं वाटतं. माझा नवरा मिलिंद हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. इथल्या पहिल्या सकाळी चहाचा कप घेऊन तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "नीला, इथे माझी काही गरज नाही. हे आख्खं गाव आधीच गुंगीत आहे!"

*

त्याच उन्हाळ्यात गावची जत्रा होती, इथल्या भाषेत फेट. मनोरा सगळ्यांना बघायला खुला होता. तळाच्या खोलीत छतातून सहा दोर लोंबत होते आणि प्रत्येकावर हाताच्या उंचीला लोकरीची पट्टेदार जाड मूठ होती. घंटावाल्यांचा प्रमुख ब्रायन, निवृत्त पोस्टमन. लोकांना प्रात्यक्षिक दाखवून तो क्षणभर चहा घ्यायला वळला.

तेवढ्यात मिलिंद दारातून आत आला. समोर दोर. आपण देवळात शिरलो की काय करतो? हात आपोआप वर जातो. मिलिंदने चौथ्या नंबरचा दोर धरला आणि श्रद्धेने एक टोल दिला!

आपल्या देवळातल्यासारखी ही घंटा नुसती टांगलेली नसते, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक? वाजवायच्या आधी तिला उलटी करून, तोंड आकाशाकडे ठेवून तोलून धरलेलं असतं. जरासं ओढलं की ते सगळं धूड पूर्ण गोल फिरतं, जाताना एक टोल आणि परत येताना दुसरा, आणि दोर झर्रकन वर जातो. त्या क्षणी दोर सोडायचा असतो. मिलिंदने सोडला नाही. देवाच्या घंटेचा दोर मध्येच कसा सोडायचा! माझ्या डोळ्यांदेखत माझा नवरा चपलांसकट छताकडे निघाला.

"सोड!" ब्रायन ओरडला. "अरे, सोड!"

वर काहीतरी काडकन मोडलं आणि मिलिंद खाली चटईवर आला.

या गावात एकटी घंटा वाजली की कोणीतरी गेलं असं समजतात. आमच्या शेजारच्या डोरिस तेव्हा सत्तरीच्या होत्या. ॲप्रनला हात पुसत त्या चर्चच्या दारात आल्या.

"कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," मिलिंद उताणाच म्हणाला. "थोडक्यात राहिलं."

"हे नवे डॉक्टर," ब्रायनने ओळख करून दिली. "दर मंगळवारी साडेसातला प्रॅक्टिसला येणार आहेत."

मिलिंदला हे तेव्हाच कळलं!

मोडला होता तो घंटेला अडवणारा लाकडी दांडा. गावचा सुतार डेरेक स्वतः पाचवी घंटा वाजवतो. त्याने नवा दांडा बसवला आणि मोडका तुकडा, इथल्या रिवाजाप्रमाणे, मोडणाऱ्याला भेट दिला. आमच्या किचनची खिडकी उघडी ठेवायला तो टेकू म्हणून कामी आला. आजही आहे.

*

घंटा वाजवायच्या तर चर्चमध्ये आपण चालतो का, अशी मिलिंदला शंका होती. तो रीतसर व्हिकरबाईंना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, भेटायला गेला. "मी हिंदू आहे," तो म्हणाला. "तुमच्या चर्चची काही हरकत?"

बाईंनी शांतपणे चहा ओतला. "डॉक्टर, आमच्या ब्रायनचा देवावर विश्वास नाही. डेरेक फक्त पबवर विश्वास ठेवतो. ब्रायनची बायको मॉरीन देवाशी भांडलीये, दहा वर्षं झाली. त्या मनोऱ्यात कुठला का होईना, देव मानणारे तुम्ही पहिलेच!"

*

मॉरीन उंचीने माझ्याएवढी, म्हणजे नसल्यासारखीच. हात दोरापर्यंत पोचावा म्हणून ती लाकडी खोक्यावर उभी राहते. खोका डेरेकने तिच्या मापाने बनवलेला आहे. इथे माप म्हणजे अगदी अर्ध्या इंचापर्यंत माप, कारण पाय चुकीच्या उंचीवर असला की हात चुकतो आणि हात चुकला की घंटा चुकते. एकदा ब्रायन वरचा दिवा बदलायला त्या खोक्यावर चढला. मॉरीन त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही.

"देवाला सोबत मिळाली," डेरेक म्हणाला.

*

डेरेकचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं तेव्हा भूल द्यायला नेमका मिलिंदच. टेबलावर मिलिंदने नेहमीप्रमाणे सांगितलं, "डेरेक, आकडे मोज." डेरेकने मोजले, "एक, दोन, तीन, चार," आणि तो गाढ झोपला. तासाभराने शुद्धीवर आला तो एकदम दचकून.

"पाच!" तो ओरडला. "माझा टोल चुकला का?"

त्यानंतर कितीतरी महिने मंगळवारी मिलिंद पुटपुटत मोजायला लागला की डेरेकला जांभया यायच्या. शेवटी ब्रायनने नियमच केला: डॉक्टरांनी मनात मोजायचं!

*

हॉलमध्ये महिन्यातून एकदा गावच्या इतिहासाची बैठक भरते. जुने फोटो, बिस्किटं आणि कोणाच्या आजोबांनी कोणाची मेंढी पळवली यावर वाद. डोरिस आता एक्याण्णव वर्षांच्या आहेत. माणसांचं बोलणं त्यांना फारसं ऐकू येत नाही, घंटा मात्र अचूक ऐकू येतात. एका संध्याकाळी फोटोत एक घंटावाला पोरगा दिसला आणि त्या बोलायला लागल्या. बाहेर उजेड अजून रेंगाळत होता आणि खिडकीत लव्हेंडर हलत होतं.

"हा माझा काका. पहिल्या युद्धावर गेला, आला नाही. त्याची तिसरी घंटा. बाकीच्यांनी काय करावं? त्यांनी तिसरीला हात लावला नाही. एक, दोन, मग तेवढा वेळ थांबायचं, मग चार, पाच, सहा. माझे वडील सांगायचे, त्या वर्षी गावाचा दात पडल्यासारखा आवाज यायचा."

"किती दिवस?" मिलिंदने त्यांच्या कानाशी वाकून विचारलं.

"जागा घरातल्या माणसाने भरायची. तोवर बाहेरच्याने दोर धरायचा नाही. एका रविवारी माझी आत्या उठली, भावाचे बूट घातले आणि गेली. बायका घंटा वाजवत नसत तेव्हा. कोणी काही बोललं नाही. खोका तयार होता."

घरी येताना फाटकाशी आल्यावर मिलिंद म्हणाला, "भावाचे बूट तिला मोठे झाले असतील, नाही?"

*

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात मिलिंद गेला. त्याबद्दल मी फार लिहीत नाही. त्या दिवशी घंटांच्या लोलकांना एका बाजूने चामडं बांधलं होतं. अशा वेळी एक टोल खणखणीत पडतो आणि पुढचा दुरून, डोंगरापलीकडून आल्यासारखा. मी दोन्ही ऐकले.

आठवड्याने डेरेक आला. खिशात टेप, कानावर पेन्सिल.

"तुझ्या शेल्फचं माप घ्यायचंय."

"मी शेल्फ कधी सांगितलं?"

"भिंतीला टेकून उभी राहा. चपला घाल. रोजच्या घालतेस त्या."

"शेल्फला चपला?"

"आता उजवा हात वर. टाचा उचलू नकोस."

त्याने माप घेतलं, पाकिटाच्या पाठीवर लिहिलं, चहा प्यायला आणि गेला. शेल्फ अजून आलेलं नाही!

*

पुढच्या मंगळवारी मी स्वयंपाक करत होते. खिडकी टेकूवर उघडी. साडेसातला घंटा सुरू झाल्या. एक, दोन, तीन. मग काही नाही. मग पाच, सहा. आधी वाटलं, मलाच ऐकू येत नाहीये. पुन्हा तेच. एक, दोन, तीन, एक श्वास, पाच, सहा. मी गॅस बंद केला.

तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी, आमटी ढवळता ढवळता, त्या रिकाम्या जागेवर माझ्या हातातली पळी पातेल्याच्या काठावर टणकन पडली. मुद्दाम नव्हे. पुढच्या वेळीही बरोबर पडली. त्यानंतर मी मुद्दाम पाडली. दर मंगळवारी साडेसात ते नऊ आमच्याकडे आमटी फार ढवळली जायची.

*

आमची मुलगी इरा मेडनहेडला असते. याच देशात जन्मली, तिचं मराठी प्रेमळ आहे पण डगमगतं. "आई, एवढी मोठी घर तुला एकटीला कशाला?" ती दर रविवारी फोनवर म्हणते. "मी एक फ्लॅट बघितली आहे. माझ्यापासून पाच मिनिट. आणि प्लीज, तो मोडका लाकूड इकडे नको आणू!"

तिचं चूक नव्हतं. हिवाळ्यात इथे चारला अंधार पडतो आणि घरातली प्रत्येक खुर्ची रिकामी आहे हे मोजायला भरपूर वेळ मिळतो. मी एजंटला बोलावलं. त्याने दारात पाटी ठोकली. घर बघायला एक तरुण जोडपं आलं, नेमकं मंगळवारी संध्याकाळी. दोघं बागेत उभे होते. सफरचंदाच्या झाडातून उन्हाचे शेवटचे कवडसे त्यांच्या खांद्यांवर पडत होते. माणसं भली वाटली.

घंटा सुरू झाल्या. त्या मुलीने मान तिरकी केली.

"यांतली एक बिघडलीये का?"

"नाही," मी म्हटलं. "बिघडलेली नाही."

एजंटने घाईघाईने त्यांना गॅरेज दाखवायला नेलं. शुक्रवारी त्यांची ऑफर आली, चांगली. पुढच्या बुधवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

*

मधल्या मंगळवारी, जवळजवळ दोन वर्षांनी, मी मनोऱ्यात गेले. आत तोच वास, दगडाचा आणि जुन्या दोरांचा. ब्रायन, मॉरीन, डेरेक आणि शेताकडची दोघं भावंडं आपापल्या दोराशी उभी होती. चौथा दोर गुंडाळून खुंटीला अडकवलेला होता. त्यावर धूळ नव्हती.

मी वाक्यं पाठ करून गेले होते.

"मी घर विकतेय. इराजवळ जाणार आहे. उद्या एजंटला कळवायचंय. तुम्ही माझ्यासाठी जागा अडवून ठेवली, त्याबद्दल... आता ती दुसऱ्या कोणाला द्या. मी तुम्हाला मोकळं करायला आलेय."

वर एक काटकी पडल्याचा आवाज झाला.

ब्रायनने चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत लावला.

"नीला, परतीचा टोल तू घाईत देतेस."

"कुठला टोल?"

"पातेल्यावरचा. डोरिस म्हणतात, जातानाचा छान पडतो, येतानाचा जरा लवकर. त्या दर मंगळवारी बागेत खुर्ची टाकून बसतात."

माझ्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. शेताकडची दोघं आपापले बूट निरखून बघत होती. मॉरीनने खुंटीवरून चौथा दोर सोडवला.

डेरेक जिन्याखाली वाकला आणि एक लाकडी खोका ओढत घेऊन आला. रुमालाने त्याच्यावरची धूळ झटकली आणि चौथ्या दोराखाली ठेवला. लाकूड नवं नव्हतं, मधासारखं पिकलं होतं.

"चढ," तो म्हणाला. "टाचा उचलू नकोस."

मी रोजच्या चपला घातल्या होत्या. खोक्यावर उभी राहिले, उजवा हात वर केला. लोकरीची मूठ बरोबर तळहातात आली.

"डेरेक, आणि माझं शेल्फ?"

"एका वेळी एक काम."

ब्रायन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि माझ्या हाताच्या वर त्याने आपला हात ठेवला.

"एक लक्षात ठेव," तो म्हणाला. "मी सोड म्हटलं की सोडायचं. तुमच्या घरात ते कोणाला जमत नाही!"