डोमाजींचं नख

पुलगावात डोमाजींच्या लेथवर काम टाकायचं म्हणजे आधी त्यांचं भाषण ऐकायचं. विषय ठरलेला. "ज्याचं नख गेलं, त्यानं दुकान बंद करावं." इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडचं मोठं तोंड दोन तुकड्यांचं असतं. खालची टोपी बोल्टनं आवळायची आणि मगच आतलं भोक कापायचं. त्या जोडावरून डोमाजी अंगठ्याचं नख फिरवत आणि केसभर पायरी असली तरी सांगत. सदुसष्टाव्या वर्षीही तोरा तोच.

वडिलांच्या जुन्या जीपसाठी मी इंजिन जमवत होतो. क्रँक एका गाडीचा, रॉड दुसरीचे, म्हणून चारही रॉड नव्या मापानं कापावे लागले. "काका, टोप्यांवर नंबर मारा," मी म्हटलं. "नंबर तो मारते, ज्याले ध्यानात राह्यत नाई," ते म्हणाले. हेकट म्हातारा, त्याच्या तोंडी कोण लागणार?

काम झालं, टोप्या धुवायला सुट्या केल्या आणि दसरा आला. मी नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो. इकडे डोमाजींच्या बायकोनं, जयवंताकाकूंनी, दरवर्षीप्रमाणे दुकानाची पूजा मांडली. चार रॉड एका रांगेत, चार टोप्या दुसऱ्या रांगेत, सगळ्यांना हळदकुंकू. कुठली टोपी कुठल्या रॉडची, हे देवालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा डोमाजी जोड्या लावत होते. टोपी चुकली तर भोक गोल राहत नाही आणि इंजिन चार दिवसांत जाम होतं. पहिली टोपी त्यांनी आवळली, नख फिरवलं, "बसली" म्हणाले. मग खात्रीसाठी तीच दुसऱ्या रॉडला लावली. तिथंही बसली. तिसऱ्याला बसली, चौथ्यालाही. त्यांनी पाना खाली ठेवला.

"नागसेन, मले नखाले काईच लागून नाई राह्यलं," ते म्हणाले. "आता दुकान बंद."

मला फार वाईट वाटलं. त्या भाषणाला मी किती वेळा हसलो होतो.

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी आमची तोंडं पाहिली, पदराला हात पुसले आणि गहू निवडायला बसावं तशा बसल्या. "हे टोचते. दुसरी लावा." डोमाजींनी पाना फिरवायचा, काकूंनी नख. तासाभरात चारही जोड्या जुळल्या. गेज लावून मापलं, तर काकूंची एकही जोडी चुकली नव्हती.

"तुले कसं समजलं?" डोमाजींनी विचारलं.

"दोन वर्षं झाली, तुमच्या बोटातून सुई सुटाले लागली तवापासून तुमचं एकेक काम मीच नख फिरवून पाह्यलं. मंधात मंधात मी 'अजून एक हात मारा' म्हणत होती ना? उगाच नाई."

डोमाजी गार झालेला चहा प्यायले. मग मला म्हणाले, "बाजारातून नंबरचे पंच घेऊन येजो."

जीप आता पवनारचा चढ हसत चढते. दुकानही चालू आहे, फक्त भाषण बंद झालंय. काम हाती घेतलं की डोमाजी घराकडे तोंड करून हाक मारतात, "जयवंता, नख घेऊन ये."