बहिऱ्या कुत्र्याला कुणी थांबवलं?

आधीच सांगून टाकते, मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात कुणी भुताखेताचा विषय काढला की मी पुरावा मागते, आणि पुरावा नसला की गृहपाठ वाढवते. त्यामुळे हे लिहिताना मला जरा लाजच वाटतेय... पण रफिकभाई साक्षीला आहेत, म्हणून लिहिते.

मी जुन्या जालन्यात राहते. दर रविवारी सकाळी एमआयडीसीच्या रस्त्यावर प्राण्यांचा एक निवारा आहे तिथे जाते — कुत्र्यांना ‘बस’, ‘थांब’, ‘चल’ शिकवायला. शिकलेलं कुत्रं लोक लवकर घरी नेतात, एवढं साधं गणित. रफिकभाई तिथले केअरटेकर. खाणंपिणं, औषधं, पिंजऱ्यांची सफाई, सगळं त्यांच्याकडे.

दिवाळीनंतर कुत्रे पकडणाऱ्या गाडीने एक पांढरा कुत्रा आणून सोडला. वयस्कर, डाव्या कानावर काळा ठिपका, आणि ठार बहिरा. रफिकभाईंनी त्याच्या मागे स्टीलचं ताट आपटलं तर मी दचकले, तो नाही. नाव काही ठेवलं नाही. ठेवून ऐकणार कोण?

बहिऱ्या कुत्र्याला हाताच्या खुणांनी शिकवतात. तळहात वर म्हणजे बस, तळहात पुढे म्हणजे थांब. बक्षीस म्हणून उकडलेल्या अंड्याचे तुकडे. चार रविवार मी हातवारे करत राहिले आणि तो माझ्याकडे असा बघायचा, जशी माझी नववी ‘ब’ अणूच्या आकृतीकडे बघते. दोरी लावून दोनदा रस्त्यापर्यंत नेला, तर कडेला थांबणं सोडाच, मलाच ओढत सुटला.

“मॅडम, ह्याला कोण नेईल?” रफिकभाई म्हणाले. “ह्यो पिंजऱ्यातच मरायचा.”

मग तर मी हट्टालाच पेटले. याला घर मिळवून द्यायचंच.

पाचव्या रविवारी घोळ घातला तो मीच. पाण्याचा टँकर नुकताच बाहेर गेला होता आणि गेटची कडी लावायची मी विसरले. इकडे कुत्र्याची दोरी सोडली... आणि तो गेटच्या फटीतून थेट बाहेर! सकाळचे दहा वाजले असतील, लख्ख ऊन. रस्त्यावर सळयांनी भरलेला ट्रक येत होता. मी “थांब! थांब!” असं ओरडत धावले — बहिऱ्या कुत्र्याला! हातही पुढे केला, पण त्याची पाठ माझ्याकडे होती.

आणि तो थांबला. अगदी डांबराच्या कडेला. मान वर करून समोर पाहिलं — माणसाने वर केलेला हात असतो तेवढ्या उंचीवर — आणि पुढचा डावा पाय उचलून खाली बसला. ट्रक त्याच्या नाकासमोरून गेला. त्याच्या पुढ्यात कुणीच नव्हतं. पलीकडे मोकळं रान होतं फक्त.

ट्रक गेल्यावर तो उठला, वळला आणि परत यायला लागला. पळत नाही. सावकाश, मध्येच वर बघत, कुणाच्या तरी पायाला लागून चालावं तसा.

“मॅडम...” माझ्या मागून रफिकभाईंचा आवाज आला, “ह्यो कुणासंगं चालून राह्यला?”

मी तिथेच मातीत बसले, त्याला पोटाशी धरलं आणि रडले. भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते एवढंच, की वाचला गं बाई.

रफिकभाईंनी त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकलेला होता. तो फिरत फिरत कमलबाईंपर्यंत पोचला आणि पुढच्या रविवारी त्या रिक्षा करून आल्या. साठीच्या, एमआयडीसीजवळच्याच वस्तीतल्या. त्यांचे यजमान सळयांच्या रोलिंग मिलमध्ये कामाला होते, दिवाळीच्या तोंडावर वारले.

“दहाव्याच्या गडबडीत दार उघडं राह्यलं अन् मुकादम निघून गेल्ता,” त्या म्हणाल्या. मुकादम म्हणजे आमचा हा कुत्रा.

त्यांनी हाक मारली नाही. लांबूनच डोक्याच्या वर मूठ धरली. मुकादमाने ती पाहिली आणि खाली बसला — पुढचा डावा पाय उचलून. मग त्यांनी मांडीवर थाप मारली, तसा येऊन त्यांच्या पायाला लागून उभा राहिला.

या खुणा मी शिकवल्या नव्हत्या. मला त्या माहीतही नव्हत्या.

“मिलमधी आवाजात कोण कुणाचं ऐकतंय?” कमलबाई म्हणाल्या. “समदं हातानंच. मूठ वर म्हंजे बिलकुल हलू नको. ह्यांना घरीबी तीच सवय. चहा पाहिजे तरी हातानंच! कान गेल्ते ना त्यांचेबी. दोघं बहिरे, दोघांचं बराबर जमायचं. मी एकटीच बडबडायचे.”

मी त्यांना रस्त्यावरची हकीकत सांगितली. वाटलं, घाबरतील. त्या मुकादमाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग एकदम हसल्या.

“दोन म्हैने झाले, वाट पाहून राह्यले मी. सपनात सुदीक आले न्हाईत. म्हणलं, गेले तरी कुठं... तर कुत्र्यापाशी थांबल्ते व्हय!” पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “बरं झालं मॅडम. मला वाटायचं, दोघंबी एकटेच पडले.”

त्या निघाल्या तेव्हा मी विचारलं, “काम नीट झालं, हे मिलमध्ये कसं सांगतात?” त्यांनी तळहात छातीवर दोनदा टेकवला. मग मुकादम त्यांच्यासोबत रिक्षात बसून घरी गेला. मागे वळून पाहिलंही नाही लेकाने!

मी सगळे तर्क लावून पाहिले. रस्त्याच्या कडेला थांबायची जुनी सवय असेल म्हणावं, तर दोरीने नेला तेव्हा का नाही थांबला? आणि मान वर करून बघत कुणाकडे होता? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा, पण नववी ‘ब’ला यातलं काही कळता कामा नये.

आता दर रविवारी निघताना मी गेटची कडी दोनदा तपासते. मग रफिकभाई बघत नाहीत ना याची खात्री करून रिकाम्या रस्त्याकडे वळते आणि तळहात छातीवर दोनदा टेकवते.