राखीव लाइन

घाटनांदूरच्या आमच्या इंटरनेट केंद्रात एक तंत्रज्ञ आहे. घरी पिढीजात जनावरं, त्यामुळे त्याच्या बोलण्यातही गोठा डोकावतो.

सिरसाळ्याला जाणारी आमची मुख्य केबल परळीवरून जाते. ती तुटली तर सगळा डेटा आपोआप वळावा म्हणून अंबाजोगाईवरून एक राखीव लाइन ठेवलेली आहे. एरवी तिच्यावरून काहीच जात नाही. हा गडी मात्र दर बाजाराच्या दिवशी, ऐन दुपारच्या गर्दीत, सगळा डेटा थोडा वेळ तिच्यावर वळवतो आणि पडद्याकडे टक लावून बसतो. माझा जीव टांगणीला लागतो. "निवांत टायमाला बघत जा की," मी एकदा म्हटलं.

"मोकळ्या रस्त्यानं कुनीबी चालतंय, साहेब."

मागं वरचे अधिकारी आले तेव्हा म्हणाले, "ही भाकड लाइन कशाला पोसायची? बंद करा."

एरवी मान खाली घालून ऐकणारा हा माणूस पुढं झाला. "भाकड न्हाई साहेब, गाभण हाय. गाभण गाय कुनी इकतंय का?"

अधिकारी हसले. लाइन राहिली.

परवा रस्त्याच्या कामात जेसीबीनं परळीची केबल तोडली. पडद्यावर लाल खूण दिसताच मी घाईघाईनं सिरसाळ्याच्या केंद्रातल्या दोस्ताला फोन लावला.

"लाइन? चालूच हाय की. का रं?"

मी फोन ठेवून याच्याकडे पाहिलं. कानामागं पेन्सिल खोचत तो हळूच म्हणाला, "व्याली."

मी स्वतः उठलो आणि अख्ख्या केंद्राला पेढे आणले.