मास्तरांनी कबूल केलेली कादंबरी

मुकुटबनच्या बाजूच्या एका गावातलं ते प्रकरण अजून माझ्या मनातून जात नाही. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि मी वणी भागात फौजदार होतो. शाळेच्या मास्तरांना कपाशीच्या वावरात गाठून, पाय मोडेस्तोवर मारलं होतं. मास्तर कुणाचं नाव घेईनात. शेवटी गावच्या कोतवालाने खबर दिली, "साहेब, पाटलाच्या गड्यायनं मारलं. पुस्तक लिवलं म्हनून."

पुस्तक म्हणजे नागपुरात टोपणनावाने छापलेली एक कादंबरी. तिच्यातला जमीनदार विधवा बहिणीला मागच्या खोलीत उपाशी कोंडतो आणि तिच्या वाट्याच्या शेतासाठी अंगठा घेतो. गावाने त्यात पाटलाला ओळखलं. पाटलाने मास्तरांकडे बोट दाखवलं, कारण गावात लिहू शकेल असा दुसरा होता कोण?

दवाखान्यात जबाब घ्यायला गेलो तर मास्तर म्हणाले, "मीच लिहिली. घ्या लिहून." न विचारता कबूल होणाऱ्या माणसावर मी नोकरीत कधी विश्वास ठेवला नाही.

कादंबरी ठाण्यात बसून वाचली. बायकांचे चेहरे हुबेहूब होते. पुरुष मात्र सगळे पायांवरून, वहाणांवरून, खाकरण्यावरून ओळखू येत. एकाही पुरुषाचा चेहरा त्यात नव्हता. हे मास्तरांचं लिखाण नव्हे. पुरुषांसमोर पदर डोळ्यांवर ओढून वावरणाऱ्या बाईने ते लिहिलं होतं.

गड्यांना अटक करायला पाटलाच्या घरी गेलो. पाटील त्यांना बोलवायला बाहेर गेले, तेव्हा त्यांची सून चहा ठेवून दाराआड उभी राहिली. मास्तर तिच्याच मुलाची शिकवणी घेत. ती हळू आवाजात म्हणाली, "मास्तरचा पाय बरा होईन ना, साहेब?"

त्या घरात हे दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं. मी सरळच म्हणालो, "बाई, कादंबरी तुमची आहे."

"हो. त्यायनं फक्त कागद नागपूरले नेले. माहं नाव लिवा. हे मले घराभाईर काढतीन, लेकरू ठेवून घेतीन. पन मास्तरनं कायले भोगावं?"

मी ते लिहिलं नाही. गुन्हा मारहाणीचा होता; पुस्तक कुणाचं, हे सिद्ध करायची कायद्याला गरज नव्हती. गड्यांना शिक्षा झाली. त्यांना धाडणारे पाटील मात्र साक्षीदाराअभावी सुटले, याची चीड मला आजही आहे. खरं शोधणं पोलिसाचं काम, पण सापडलेलं प्रत्येक खरं चव्हाट्यावर मांडायचं नसतं, हे मला या प्रकरणाने शिकवलं.

पुढे पाटील वारले. मास्तर निवृत्त झाले तेव्हा गावाने कादंबरीकार म्हणून त्यांचा सत्कार ठेवला आणि मलाही बोलावलं. शाल-श्रीफळ द्यायचा मान पाटलांच्या घरच्या त्याच सूनबाईंचा. मास्तरांना शाल घेववेना, ते नुसते हात जोडून उभे राहिले. लोकांना वाटलं, लाजले. सूनबाईंनी ती त्यांच्या खांद्यावर टाकली आणि पुढच्या रांगेत मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "घ्या, मास्तर. मार त तुमीच खाल्ला."